केटी बंधाऱ्याखाली पात्र खचतंय: जिओटेक्स्टाइल कसं आणि कोणतं वापरावं?

पात्रखोल
कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, लांबी ६० मीटर. पुराचा विसर्ग ४८० घनमीटर प्रतिसेकंद, त्या वेळी खालच्या बाजूला पाण्याची खोली साधारण ४ मीटर. काँक्रीटचा एप्रन (बंधाऱ्याच्या पायथ्याची फरशी) संपतो तिथे २ मीटरचा डोह पडलाय आणि एप्रनची कड अधांतरी आहे. पात्रात जाडी वाळू, सरासरी कण ०.८ मिमी. डबर टाकलं की एका पावसाळ्यात वाळूत गडप होतं.

जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) किती जीएसएमचं (ग्रॅम प्रति चौरस मीटर) घ्यावं? शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरून वर दगड टाका, असंही सुचवलं जातंय. आणि ब्रह्मपुत्रेवर टाकतात तशा जिओबॅग (वाळू भरलेल्या पिशव्या) इथे चालतील का?

गाळणी
कागद अजिबात नको. बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घातल्यावर वर पाणी साठतं आणि पायाखालून झिरपून एप्रनच्या पुढे वर येतं. त्या वाटेवर कागद आला की दाब खाली कोंडतो. ३० सेमी जाड दगडी गादीचं पाण्यातलं वजन काढा: जाडी × दगडाने भरलेला भाग × (दगडाची घनता − पाण्याची), म्हणजे ०.३ × ०.७ × (२.८ − १) = ०.३८ टन प्रति चौरस मीटर. म्हणजे जेमतेम ३८ सेमी पाण्याचा दाब ती गादी उचलायला पुरे.

तुमचं डबर गडप होण्याचं कारणही हेच आहे, फक्त उलट बाजूने. दगडांच्या फटींतून खालची वाळू निघून जाते आणि दगड त्या जागी बसत जातात. जिओटेक्स्टाइलचं काम वाळू अडवणं आणि पाणी सोडणं, एवढंच. पुराचा मार सोसायचं काम वरच्या दगडाचं.

नॉनवोव्हन, नीडल-पंच्ड (न विणलेलं, सुयांनी टोचून धागे गुंतवलेलं) घ्या. गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेल्या) गादीखाली ३०० जीएसएम पुरतं. सुटं डबर टाकणार असाल तर ४०० आणि वर १० सेमी बारीक खडी. पण नुसत्या जीएसएमवर खरेदी करू नका, प्रमाणपत्रावर छिद्राचा आकार आणि सीबीआर पंक्चरची ताकद (भोक पडायला किती जोर लागतो ते) बघा. जाड्या वाळूला ०.१० ते ०.१५ मिमीचं छिद्र ठीक. त्याहून बारीक घेतलं तर गाळाने चोंदतं.

लेसीवाला
आधी स्कोअर (पुरात तळ किती खोल खरवडला जाईल) किती ते काढा, मग कापड. ४८० भागिले ६० म्हणजे मीटरला ८ घनमीटर. गाळांक (वाळूच्या कणावरून काढायचा आकडा) f = १.७६√०.८ = १.५७. लेसीच्या स्कोअर-सूत्राप्रमाणे पुराच्या पातळीपासूनची खोली R = १.३५ (८²/१.५७)^(१/३), म्हणजे ४.६ मीटर. दीडपट धरली तर पुराच्या पातळीपासून ७ मीटर, म्हणजे तळाखाली ३ मीटर.

सुटा दगड इथे परवडत नाही. उसळत्या पाण्याचा वेग ४ मीटर प्रतिसेकंद धरला तर इझबाशच्या (वेगावरून दगडाचा आकार काढायच्या) सूत्राने बेसाल्टचा दगड ६० सेमीचा, वजन तीनशे किलोच्या वर. त्यापेक्षा ३० सेमीची गॅबियन मॅट्रेस (गादी) घ्या, आत १०० ते १५० मिमीचा दगड. ती साधारण ५ मीटर वेगापर्यंत टिकते. पुढे तळ खचला की ती वाकून उतारावर बसली पाहिजे. ३ मीटर खोलीला १:२ उतारावर ६.७ मीटर लांबी लागते, थोडी सपाटीवर राहायला हवी, म्हणून एकूण ९ मीटर ठेवा. ६० × ९ × ०.३ म्हणजे १६२ घनमीटर दगड. ५ मीटर रुंदीच्या रोलचे १४ पट्टे लागतील. प्रत्येक पट्टा १०.५ मीटर कापला की कापड ७३५ चौरस मीटर होतं.

जाळीकाम
अंथरताना बहुतेक चुका होतात, म्हणून क्रमाने सांगतो. एप्रनवर हातोडा मारून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखा, तिथे भोकं पाडून सिमेंट-वाळूचं ग्राउट (पातळ मिश्रण) भरा. हे न करता गादी टाकली तर एप्रनच आधी तुटेल. मग डोह गोटे-वाळूने थरांत भरा, काळी माती किंवा मातकट मुरूम नको.

कापडाचे पट्टे प्रवाहाच्या दिशेने अंथरा. बाजूचा ओव्हरलॅप ५० सेमी. आडवा जोड टाळता आला नाही तर वरच्या अंगाचा तुकडा खालच्यावर, कौलासारखा. सुरुवातीची कड लोखंडी पट्टी आणि अँकर बोल्टने एप्रनला आवळा. पाणी असेल तिथे पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, त्याची घनता ०.९१ आहे. त्यामुळे पंप लावून कोरड्यातच काम करा. गाद्या एकमेकींना दर १५ सेमीवर दुहेरी फास घेऊन शिवा, नुसत्या टोकांना तार बांधून भागत नाही. दगड ३० सेमीपेक्षा उंचावरून सोडू नका. आणि अंथरलेलं कापड दोन आठवड्यांच्या आत झाका, एप्रिलचं ऊन त्याला खातं.

गाळणी
जिओबॅगचं राहिलं. आसामात बारीक वाळू भरपूर, दगड दुर्मिळ आणि काम खोल पाण्यात. म्हणून तिथे १.०३ × ०.७० मीटरच्या, १२६ किलो वाळूच्या पिशव्या बार्जवरून सोडतात आणि त्या कायम पाण्याखाली राहतात. तुमच्याकडे त्या उन्हाळाभर उघड्या पडतील आणि पुरात वाहून येणारे गोटे त्यांना फाडतील. डोह भरायला, वर गादी येणार असेल तर, चालतील.

पात्रखोल
आभारी आहे. एक भर: डाव्या तीरालगतच्या २० मीटरमध्ये चाचणी खड्ड्यात १.४ मीटरवर कातळ लागलाय.

लेसीवाला
मग त्या २० मीटरमध्ये कापड-गादी काहीच नको. कातळात ३० सेमी खाच घेऊन काँक्रीटची कट-ऑफ (खालून होणारी झीज अडवणारी) भिंत उभी करा, आतल्या झिरप्यासाठी तिला वीप होल (पाणी निघायची भोकं) ठेवा आणि त्यांच्या मागे तेच कापड गाळणी म्हणून लावा. भिंत संपून गादी सुरू होते तो सांधा सगळ्यात नाजूक. तिथे १ × १ मीटरच्या गॅबियनची एक ओळ घाला आणि कापड भिंतीवर अर्धा मीटर चढवून पट्टीने आवळा. पहिला पूर ओसरला की सर्वांत आधी तिथेच काठी खुपसून खोली मोजा.