शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याची कंबर का दुखते?

प्रश्न: गिरगावातील एका चाळीत आमचे रंगकाम सुरू आहे. मंगळवारी शिडी घसरली आणि माझा रंगारी सुमारे सात फुटांवरून उभाच्या उभा दोन्ही पायांवर आदळला. एक्स-रेमध्ये डाव्या टाचेचे हाड मोडल्याचे दिसले व प्लास्टर घातले गेले. आता तो कंबर दुखत असल्याचे सांगतो, तर मुकादमाच्या मते ते पगारी रजेसाठीचे नाटक आहे. इतक्या कमी उंचीवरून कंबरेला मार बसू शकतो का?

उत्तर १ (अस्थिरोगतज्ज्ञ, परळ): कृपया नाटक म्हणू नका. माणूस पायांवर आदळला की तो धक्का टाचेतून मांडीवाटे थेट कण्यात चढतो, आणि म्हणूनच टाच मोडलेल्या साधारण दहापैकी एका रुग्णाच्या कमरेच्या मणक्यालाही इजा झालेली आढळते. टाचेच्या वेदनेपुढे ती पहिल्या दिवशी जाणवत नाही, एवढेच. कमरेचा एक्स-रे काढून घ्या आणि उजवी टाचही तपासा. पायांत बधिरपणा असेल किंवा लघवी अडत असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. टाच बरी होण्यास काही महिने लागतात, आणि नंतरही खडबडीत जमिनीवर चालणे अनेकांना जड जाते.

उत्तर २ (साइट सुपरवायझर, ठाणे): शिडी कशावर उभी होती? लादीवर रंगाचे ओघळ पडू नयेत म्हणून आपले लोक प्लास्टिक अंथरतात आणि त्यावरच शिडी टेकवतात, मग ती घसरणार नाही तर काय? शिडी बारा फुटांवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून तीन फुटांवर हवेत. खोली अरुंद म्हणून ती उभट लावली की माणूस मागे कलंडतो, आणि फार तिरपी लावली की पाय सरकतात. डबा हातात धरून चढणे हा तर वेगळाच रोग आहे.

प्रश्नकर्ता: प्लास्टिकच होते. आज जाऊन पाहिले, तर शिडीच्या एका पायाचा रबरी बूटही नव्हता. त्या जागी सुतळीने चिंधी बांधलेली होती. कमरेच्या एक्स-रेत पहिला मणका दबलेला निघाला. मुकादमाला तो एक्स-रे दाखवला आहे.