मदत हवी आहे: बंद काचेच्या कपाटात ठेवूनही चांदीच्या मूर्ती दोन महिन्यांत काळवंडल्या

ओसरी
आमच्याकडे आजीच्या काळापासूनच्या चांदीच्या पूजेच्या वस्तू आहेत: तीन मूर्ती, एक प्रभावळ, एक घंटा, दोन दिवे आणि एक तबक. इतकी वर्षे त्या पत्र्याच्या पेटीत जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवलेल्या असत आणि वर्ष-दीड वर्षाने बाहेर काढल्या, तरी किंचित पिवळेपणाखेरीज त्यांना काही झालेले नसे. आजी गेल्यानंतर या वस्तू डोळ्यांसमोर असाव्यात असे मला फार वाटू लागले, म्हणून मुद्दाम घट्ट बंद होणारे काचेचे कपाट करून घेतले. दोन महिन्यांत सगळ्या वस्तू आधी सोनेरी, मग तपकिरी झाल्या. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, त्यांचाही उपयोग झाला नाही. दोनदा सगळे घासून झाले आहे आणि तिसऱ्यांदा घासण्याची माझी तयारी नाही. पुढच्या महिन्यात घरची मंडळी जमणार आहेत, त्याआधी खात्रीचा एकच उपाय सांगावा. पुन्हा पेटीत ठेवा, असे मात्र कृपया सांगू नये.

तांबट
उपाय सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. कपाटात आतून काय लावले आहे? दाराच्या कडेला कसली पट्टी आहे? दिवे कपाटातच लावले जातात का? वस्तू भरीव आहेत की पोकळ, आणि आजवर घासल्या कशाने?

उजळणी
इतका विचार करण्याची आवश्यकता नाही. पातेल्यात तळाला ॲल्युमिनियमचा कागद पसरावा, त्यावर वस्तू ठेवाव्यात, खाण्याचा सोडा घालून कडकडीत पाणी ओतावे. पाच मिनिटांत सगळे पांढरेशुभ्र होते. मी गेली कित्येक वर्षे असेच करते आणि घासण्याचे कष्ट अजिबात पडत नाहीत.

रसायनाचा विद्यार्थी
उजळणी, तुमच्या पद्धतीने काळेपणा जातो हे खरे आहे, पण या वस्तूंसाठी मी ती सुचवणार नाही. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियमचा स्पर्श झाला की त्यातील गंधक सुटतो आणि चांदी पृष्ठभागावर परत बसते, मात्र ती सच्छिद्र आणि निस्तेज रूपात बसते. शिवाय नक्षीच्या खोबणीत मुद्दाम राखलेली काळी छटाही निघून जाते, आणि तीच गेली की मूर्तीचा चेहरा सपाट दिसू लागतो. पोकळ मूर्तीत लाख भरलेली असेल, तर कडकडीत पाण्याने ती मऊ होऊन सांध्यांतून बाहेर येऊ शकते. सांध्यांतून आत गेलेले पाणी सुकत नाही, हा धोका वेगळाच.

उजळणी
माझ्या वस्तूंना आजवर काहीही झालेले नाही, एवढेच मी अनुभवाने सांगू शकते.

रसायनाचा विद्यार्थी
साध्या भरीव ताटलीला किंवा वाटीला कदाचित होणारही नाही. परंतु धागाकर्तीच्या मूर्ती पोकळ आहेत की भरीव, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.

सांजदिवा
सर्वप्रथम या वस्तू खरोखर चांदीच्या आहेत याची खात्री करून घ्यावी. तळाशी ९२५ किंवा ९९९ असा आकडा कोरलेला आहे का ते पाहावे. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेला भाग बहुतेक वेळा तांबे. आकडा नसेल, तर सराफाकडून तपासून घेणे उत्तम.

ओसरी
वस्तू चांदीच्याच आहेत, तो प्रश्न मी विचारलेलाच नाही. मूर्ती पोकळ आहेत, हलवल्यावर आत काही वाजत नाही. पहिल्यांदा टूथपेस्टने घासल्या, दुसऱ्यांदा दुकानातून आणलेल्या द्रावणात बुडवल्या. दिवे कपाटात लावत नाही. कपाटात कापड आहे, तेही सुतीच, कारण सुती कापडाने चांदीला काही होत नाही हे मला पेटीच्या अनुभवावरून ठाऊक आहे. कपाट काळे का पडते हा माझा प्रश्न नसून चांदी काळी का पडते हा आहे.

तांबट
ताई, दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून रागावू नका. टूथपेस्ट पुन्हा वापरू नका, तिच्यातील कण चांदीच्या मानाने खरखरीत असतात आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. बुडवण्याच्या द्रावणात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असते. ते काळ्या थराबरोबर थोडी चांदीही नेते, पृष्ठभाग सच्छिद्र करते, आणि असा पृष्ठभाग पूर्वीपेक्षा लवकर काळवंडतो. पोकळ मूर्तीच्या आत ते द्रावण राहिले असेल, तर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पूर्ण वाळवावे लागेल. हे झाले एक कारण. पण फक्त तेवढ्याने दोन महिन्यांत इतका फरक पडावा, असे मला वाटत नाही. कापडाचा रंग कोणता, आणि ते कशाने चिकटवले आहे?

मोगरी
माझ्याकडे पितळेची मोठी समई आहे, तीही लवकर हिरवट पडते. तिच्यासाठी हीच काळजी घ्यावी का?

रसायनाचा विद्यार्थी
मोगरी, पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, त्याचे गंजणे निराळे. कृपया स्वतंत्र धागा काढावा, तेथे सविस्तर लिहीन.

ओसरी, चांदी काळी पडते ती हवेतील प्राणवायूमुळे नव्हे. तिला गंधकाची संयुगे लागतात, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बोनिल सल्फाइड, आणि तीही अब्जांशात मोजावी इतक्या अल्प प्रमाणात पुरतात. दमटपणा असला की क्रिया वेगाने होते. थर अगदी पातळ असताना तो पिवळा दिसतो, जाड होत गेला की तपकिरी, कधी जांभळा-निळा आणि शेवटी काळा दिसतो. पिवळ्या अवस्थेत तो सहज निघतो, काळा झाल्यावर मात्र घासावे लागते. सिलिका जेल पाणी शोषते, गंधकाची वाफ अडवण्याचे काम ते फारसे करत नाही, त्यामुळे तुमच्या पुड्या निरुपयोगी ठरल्या यात नवल नाही.

आता मुख्य मुद्दा. घट्ट बंद कपाट बाहेरची हवा अडवते, हे बरोबर आहे. पण गंधक कपाटाच्या आतूनच येत असेल, तर तेच घट्ट दार त्याला बाहेर जाऊ देत नाही. उघड्या फळीवर ठेवलेल्या वस्तूपेक्षा बंद कपाटातील वस्तू लवकर काळी पडते, ती अशाच वेळी. म्हणून कापड, गोंद आणि दाराची पट्टी यांविषयी सगळे विचारत आहेत.

ओसरी
बरे, सविस्तर सांगते. चांदी उठून दिसावी म्हणून काळी सुती मखमल लावली आहे. ती पिवळसर, उग्र वासाच्या गोंदाने चिकटवली आहे आणि दार उघडले की तो वास अजूनही येतो. दाराला काळी रबराची पट्टी आहे. आज नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की दाराजवळची घंटा सर्वांत जास्त काळी झाली आहे, तर मूर्ती पायाकडून वर अशा काळवंडल्या आहेत आणि तबकाच्या तळाला जेथे मखमल टेकते तेथे काळे वर्तुळ उमटले आहे. माझ्या हे आधी ध्यानात यायला हवे होते.

तांबट
वर्तुळाने सगळे सांगितले! सामान्य रबर कडक करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेला असतो आणि तो पुढे दीर्घकाळ बाहेर पडत राहतो. चांदीजवळ रबराची पट्टी, रबरी गोंद किंवा साधा रबरबँडसुद्धा चालत नाही. तुमच्या घंटेचा काळेपणा त्या पट्टीचा असावा.

रसायनाचा विद्यार्थी
आणि पायाकडचा काळेपणा मखमलीचा किंवा तिच्याखालच्या गोंदाचा. सुती धागा स्वतः निरुपद्रवी असतो, पण सुती कापडाला गडद काळा रंग देण्यासाठी गंधक-रंग फार मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. आजीच्या पेटीतील कापड सुती होते, त्याचबरोबर ते जुने आणि अनेकदा धुतलेले होते, हा फरक महत्त्वाचा आहे. लोकर आणि लोकरी नमदा यांच्या तर तंतूतच गंधक असतो, म्हणून तेही टाळावेत.

तर्काने थांबू नका, तपासून पाहा. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यासाठी एक साधी चाचणी मांडली. प्रदर्शनाच्या कपाटात वापरायच्या साहित्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिसे यांच्या चकचकीत पट्ट्यांसह काचपात्रात बंद करायचा, थोडे पाणी ठेवायचे आणि ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवून पट्ट्या पाहायच्या. घरी इतकी काटेकोर सोय होत नाही, पण ढोबळ चाचणी सहज होते. झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या घ्या. एकीत मखमलीचा गोंदासकट तुकडा, दुसरीत रबराचा तुकडा, आणि तिसरी रिकामी. प्रत्येकीत तुटक्या साखळीचा उजळलेला तुकडा दोऱ्याने टांगा, तो कशालाही टेकू देऊ नका, आणि छोट्या झाकणात ओला कापूस ठेवा. बरण्यांच्या झाकणांना आतून रबर नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्या. उबदार जागी ठेवून रोज निरीक्षण करा. रिकाम्या बरणीतील तुकडा तुलनेसाठी आहे, तो गाळू नका.

सुतारपक्षी
कपाटे करणे हा माझा छंद आहे, म्हणून थोडे सांगतो. मखमल आणि गोंद पूर्ण खरवडून काढावे लागेल, वरून नवे कापड लावून भागणार नाही. तळाला कापडाऐवजी काचेची किंवा ॲक्रिलिकची पाटी ठेवली तर चिकटवण्याचाच प्रश्न उरत नाही. कापड हवेच असेल, तर न रंगवलेले, खळ काढून धुतलेले सुती किंवा तागाचे कापड पाटीवर ताणून मागे टाक्यांनी शिवावे. पट्टीसाठी पॉलिथिलीनचा फोम चालतो. सिलिकॉनने सांधे भरायचे असतील तर ज्याला सिरक्यासारखा वास येतो तो प्रकार घेऊ नये, तो सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतो आणि ९२५ चांदीतील तांब्याला ते बाधते. कच्चे लाकूड, विशेषतः ओक, आणि दाबीव लाकडाच्या पाट्यासुद्धा आम्लाची वाफ सोडतात. नवीन काहीही लावल्यावर कपाट काही आठवडे उघडे ठेवून वास पूर्ण जाऊ द्यावा.

तांबट
इतके सगळे बदलण्यापेक्षा वस्तूंवर पारदर्शक लॅकर लावून घेणे मला अधिक खात्रीचे वाटते. संग्रहालयांतही चांदीवर नायट्रोसेल्युलोज किंवा ॲक्रिलिक लॅकर लावतात. एकदा लावले की कित्येक वर्षे हात लावावा लागत नाही.

रसायनाचा विद्यार्थी
लावतात, पण प्रशिक्षित हातांनी, आणि ज्या वस्तूंना नंतर कोणी स्पर्श करणार नाही अशांनाच. लेप जेथे विरळ राहतो तेथे बारीक काळ्या रेषा उमटतात, आणि त्या काढण्यासाठी अख्खा लेप ॲसिटोनने उतरवावा लागतो. ज्या दिव्यात ज्योत लागते त्यावर तर लॅकर नकोच, ते जळणारे आहे. पूजेत ज्या मूर्तीला पाणी लागते, हात लागतो, तिच्यावर तो लेप किती काळ अखंड राहील?

तांबट
दिव्यांबाबत मान्य आहे. प्रभावळ मात्र नुसती मागे उभी असते, तिच्या नक्षीत दर वर्षी घासकाम करण्यापेक्षा लॅकर नक्कीच बरे. दर घासण्यात थोडी चांदी जाते, आणि नक्षीच्या उंच भागावरची सगळ्यांत आधी जाते. या मतावर मी ठाम आहे.

रसायनाचा विद्यार्थी
घासणे कमी व्हावे यावर आपले एकमत आहे, मार्गाबद्दल नाही.

ओसरी
१६ दिवस झाले. रबराच्या बरणीतील तुकडा पाचव्या दिवशी पिवळा झाला आणि आता गडद तपकिरी आहे. मखमलीच्या बरणीतील तुकडा दहाव्या दिवसानंतर पिवळा पडू लागला. रिकाम्या बरणीतील तुकडा होता तसाच पांढरा आहे. मी रोज सकाळी आधी त्या बरण्या पाहत होते. कपाट रिकामे करून सगळे खरवडून काढले आहे, दार उघडे ठेवले आहे आणि मूर्ती सध्या धुतलेल्या सुती कापडात आहेत. उरलेला काळेपणा कशाने काढू? शाळेतला खडू चालेल का?

रसायनाचा विद्यार्थी
फळ्याचा खडू नको, तो पुष्कळदा जिप्समचा असतो आणि त्यात खरखरीत कणही सापडतात. औषधांच्या किंवा रसायनांच्या दुकानातून अवक्षेपित कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड घ्या, ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ लगदा करा आणि कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसा. बोळा काळा झाला की बदला. खोबणीतला काळेपणा राहू द्या. शेवटी स्वच्छ पाण्याने पूड पूर्ण काढून मऊ कापडाने लगेच कोरडे करा, कारण सांध्यांत सुकलेली पांढरी पूड फार वाईट दिसते. वस्तू उचलताना घामातील मीठ चांदीवर बोटांचे ठसे कोरते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे वापरा. लॅटेक्सचे नकोत, ते रबरच आहे.

कपाटात सिलिका जेलबरोबर सक्रिय कोळसा ठेवा. तो गंधकाची संयुगे धरून ठेवतो. श्वास घेता येईल अशा कापडी पिशवीत, पाटीच्या मागे ठेवा, म्हणजे त्याची पूड वस्तूंवर पडणार नाही. दिवे वापरून झाल्यावर तेल आणि काजळी पुसून, पूर्ण थंड झाल्यावरच आत ठेवा. उदबत्तीचा आणि धुपाचा धूर कपाट उघडे असताना आत जाऊ देऊ नका.

उजळणी
साध्या ताटल्यांसाठी मी माझी पद्धत सोडणार नाही, पण माझ्या जुन्या मूर्ती रबरी पट्टीच्या डब्यात होत्या, त्या आज बाहेर काढल्या.

ओसरी
सर्वांचे मनापासून आभार. मूर्ती स्वच्छ झाल्या. चेहऱ्यावरच्या रेषांतला काळा रंग तसाच ठेवला आणि आजीच्या हातात दिसायच्या तशाच त्या दिसू लागल्या. दिवे बाहेर ठेवणार आहे, कारण ते रोज वापरात असतात. प्रभावळीवर लॅकर लावण्याचे अजून ठरवलेले नाही. कोळसा निकामी झाला हे कसे ओळखावे?

तांबट
कोळशाकडे पाहून ते कळत नाही. चांदीचा एक उजळलेला तुकडा कपाटाच्या कोपऱ्यात, सहज नजर जाईल अशा जागी ठेवा. तो पिवळा होऊ लागला की कोळसा बदला, म्हणजे मूर्तींना घासावे लागणार नाही.

ओसरी
रिकाम्या बरणीतला तोच तुकडा ठेवला आहे.