'आर्ट क्विल्ट'ला गोधडी म्हणावं का?

सुईदोरा: अमेरिकेत ह्यूस्टनच्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सवातल्या 'आर्ट क्विल्ट' (कापडाचे थर टाक्यांनी जोडून केलेली चित्रं) दालनावर मराठी टिपण चाललंय. मी 'चित्रगोधडी' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'कलात्मक रजई' करून परत पाठवलं. रजई पटत नाही. पण गोधडीवरही आक्षेप आहे की हे कुणी पांघरत नाही, भिंतीवर टांगतात. दुसरी अडचण: दांडी ओवायला मागे वरच्या कडेला कापडी नळी शिवलेली असते, 'स्लीव्ह'. तिचं 'बाही' केलं तर हसू येतं.

अस्तर: 'कलात्मक' आधी काढा. कलात्मक उशी, कलात्मक पणती, म्हणजे वापरायची वस्तू, वर नक्षी. हे तसलं नाही. रजईही नको. रजईत पिंजलेला कापूस सुटा भरतात. टाके लांब पडले की तो सरकून कोपऱ्यात गोळा होतो. क्विल्टमधला थर घोंगडीसारखा सलग येतो, सुयांनी टोचून गुंतवलेला. दोन टाक्यांत किती अंतर चालेल ते पाकिटावरच असतं, कुठे 4 इंच, कुठे 8 ते 10. म्हणून तर मोठा भाग बिनटाक्यांचा सोडता येतो.

उरेब: मग गोधडीत मधला थर कुठाय? जुनी लुगडी, धोतरं एकावर एक, झालं.

दोनदोरी: अट कापसाची नाहीच. अमेरिकेत ओहायोतल्या अथेन्सला 1979पासून 'क्विल्ट नॅशनल' हे प्रदर्शन भरतं. तिथे मागणी थरांची असते: किमान दोन थर, आणि ते धरून ठेवणारे आरपार टाके. गोधडी त्यात चपखल बसते. (प्रदर्शन भरतं ते दुभत्या गुरांच्या जुन्या गोठ्यात.)

काजबटण: गोठा! म्हणजे 'गो'धडीतली गाय सापडली.

अस्तर: गाय नाही हो. हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी, सगळं चिंध्यांचं घराणं. गोधडीचं दुसरं नाव वाकळ, ते मात्र थेट वल्कलावरून: वल्कल, वक्कल, वाकळ. आणि खुद्द 'क्विल्ट' लॅटिन 'कुल्किता'वरून, म्हणजे भरलेली गादी. अंथरुणाचाच शब्द भिंतीवर चढला, त्यांचं काही अडलं नाही.

उरेब: अडलं नाही कसं, 'आर्ट' चिकटवलंच की. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जुन्या अमेरिकी क्विल्टा चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, पण त्या शिवल्या होत्या पांघरायलाच. भिंतीनं काही ठरत नाही. माझा आक्षेप शिवण्याच्या रीतीवर आहे. गोधडीच्या कडा आधी दुमडतात, मग धावदोरा कडेकडेनं चौकोनात चौकोन घेत मध्याकडे येतो. क्विल्टला टाके साधारण मध्यापासून बाहेर घालतात. कड मोकळी असते, सैल कापड तिकडे सारत न्यायचं. उलट केलं तर सगळी सैल मधे जमते, ठसठशीत चुणी पडते, आणि ती काढायची तर टाके उसवण्याशिवाय इलाज नाही. गोट, म्हणजे कडेची पट्टी, अगदी शेवटी. गोधडीत हीच सैल मऊ लुगड्यात जिरते. त्या बारीक सुरकुत्या हाच तिचा पोत. नवं कडक सुती कापड हे ऐकत नाही.

तिरपाटाका: रीतीवरून जात ठरवता, तर कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींच्या कवंदीचं, म्हणजे त्यांच्या गोधडीचं, काय करायचं? यल्लापूर, हल्याळकडच्या बायका कडेपासूनच ठिगळं लावत आत येतात, कोपऱ्यांना 'फुलं' बसवतात. अमेरिकेतल्या संग्रहालयांत त्या क्विल्ट म्हणूनच मांडल्या गेल्या.

काजबटण: आणि आंबेजोगाईची दासोपंतांची पासोडी? पांघरायच्या कापडावर लिहिलं, आकृत्या काढल्या. चारशे वर्षं नाव पासोडीच.

दोनदोरी: पासोडीला आरपार टाके दाखवा, मग बोलू.

तिरपाटाका: नळीचं उत्तर कुणीच दिलं नाही. तिला नेफा म्हणा. 4 इंची नेफ्याला पट्टी साडेआठ ते 9 इंच रुंद कापा, लांबी क्विल्टच्या रुंदीपेक्षा 2 इंच कमी. टोकं दुमडून शिवा, मग पट्टीची नळी करा. वरची कड गोटाच्या लगेच खाली, पण खालची कड अर्धा इंच वर सरकवून टाचा, म्हणजे नळीला मागे पोट सुटतं. पोट नसलं तर दांडीची जाडी पुढे उमटते, चित्रावर आडवा वळ. टाके मागच्या कापडात आणि मधल्या थरातच, पुढे एकही दिसता कामा नये.

उरेब: नेफा म्हटलं की नाडीच आठवणार. दालनातल्या फलकावर शोभेल का?

तिरपाटाका: बाहीपेक्षा शोभेल.

अस्तर: शिवाय नेफा त्याच कापडाची कड दुमडून होतो. ही जोडपट्टी आहे.

तिरपाटाका: सलवारीचा पट्टा वेगळाच जोडतात, त्यातही नेफाच असतो. पुढे बोला.

सुईदोरा: नेफा घेते. आणखी एक. तिथे पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक कड उचलून मागचं दाखवतात. 'बॅक'ला मागची बाजू लिहू की उलटी?

काजबटण: उलटी. सुलट-उलट आपल्याकडे आहेच.

उरेब: आणि पारखायची तीच. मशीनचे कापड सरकवणारे दाते खाली पाडून मोकळ्या हातानं कापड फिरवताना वळणावर हात सुईच्या पुढे धावला की वरचा दोरा मागे ओढला जातो, पापण्यांसारखा. पुढून काम चकचकीत, मागे सगळं उघडं पडतं.

अस्तर: मागच्या कापडाला सरळ अस्तर म्हणा.

दोनदोरी: अस्तर आतून असतं. हे बाहेर आहे.

अस्तर: भिंतीकडून बघितलं तर आतच की.

सुईदोरा: गोधडीचं काय ठरलं?

काजबटण: वाकळ लिहा.