डिक्री आहे पण पैसे नाहीत, मुदत संपली का? (अर्जंट)

वैतागलेला_वादी
केस जिंकून डिक्री (कोर्टाचा निकालाचा हुकूम) घेऊन बसलोय पण समोरचा दमडी द्यायला तयार नाही. परवा वर तोंड करून म्हणतो, आता मुदत गेली, तो कागद फ्रेम करून लाव. अशी मुदत खरंच असते का, किती वर्षं? वकील फोन उचलत नाहीत. नेमकं सांगा, लेक्चर नको.

शंकेखोर
निकाल कधीचा? पैशाचा की जागेचा? अपील झालं का? दरखास्त लावली का? काहीच न लिहिता नेमकं कसं सांगणार?

काळी_मांजर
तीन वर्षं. आमच्या मामांची मुदत अशीच गेली.

शंकेखोर
तीन वर्षं नाही हो. १९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद १३६, पैशाच्या डिक्रीला १२ वर्षं. तीन फक्त 'बांधलेलं पाडा' टाइप हुकमाला, तो अनुच्छेद १३५.

काळी_मांजर
मामांचं भिंत पाडायचंच होतं. मग मी चूक काय बोलले?

फुकट_सल्ला
चेक घेतलाय का? चेक बाउन्सचं कलम १३८ लावा, बाउन्सचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. सुतासारखा सरळ येतो.

वैतागलेला_वादी
चेक कुठून आला मध्येच?? पैशाचीच डिक्री आहे, २०१३ ची. म्हणजे १२ गेलीच ना? आणि दरखास्त कसली, जिंकल्यावर कोर्टच वसूल करून देतं ना?

जुना_कारकून
कोर्ट आपणहून काही करत नाही. दरखास्त म्हणजे डिक्रीच्या वसुलीसाठी कोर्टात अर्ज, ती तुम्ही लावायची, जप्ती हवी तर मालमत्तेचं वर्णनही तुम्हीच द्यायचं, जमीन असेल तर चतुःसीमेसकट. नाहीतर बेलीफ दारात गेला की 'टीव्ही बायकोचा, गाडी मेव्हण्याची' ऐकून परत येतो. काहीच माहीत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर २१ रूल ४१ खाली त्यालाच ॲफिडेव्हिटवर मालमत्ता लिहून द्यायला लावा. पगारातले पहिले १००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून जप्ती होते, पीएफला हात लागत नाही.

फुकट_सल्ला
एवढं कशाला, सरळ आत टाका.

जुना_कारकून
ऐपत असून देत नाही हे आधी दाखवावं लागतं. नुसते पैसे नाहीत म्हणून आत टाकत नाहीत.

वैतागलेला_वादी
पण मुदतीचं काय?? अपील त्यानेच केलेलं, २०१७ ला उडालं, त्याचा काय संबंध.

शंकेखोर
अहो सगळा संबंध तिथेच आहे! मेरिटवर, म्हणजे मुद्दे तपासून, फेटाळलं असेल तर १२ वर्षं अपिलाच्या डिक्रीपासून, म्हणजे २०२९ पर्यंत. त्याने काढून घेतलं किंवा गैरहजेरीत उडालं असेल तर मात्र २०१३ पासूनच मोजतात. तेव्हा डिक्रीच्या वसुलीला स्टे (स्थगिती) असेल तर तेवढा काळ वजा होतो. अपिलाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा.

वैतागलेला_वादी
वकिलांचा फोन लागला एकदाचा. अपील मेरिटवरच गेलंय. पण म्हणे दरखास्त २०१४ लाच लावलेली आणि कोणी हजर नाही म्हणून निकाली निघाली. मला पत्ताच नाही. आता?

शंकेखोर
नवी लावा, मुदतीत आहात. यावेळी प्रत्येक तारखेला स्वतः जा.

फुकट_सल्ला
आणि वकील बदला. माझ्याकडे नंबर आहे, व्यनि करतो.