ऑपरेटिंग सिस्टिमची बायंडिंग: प्रत्येक भाषेचं प्रमाण (स्टँडर्ड) वेगळं ठरवावं का?

वाळूजकर (धागाकर्ता)
आमच्या वाळूज एमआयडीसीत मशीनचा डेटा गोळा करणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, सी सोडून दुसऱ्याच भाषेतला. लिनक्सवर झकास. मॅकवर चालवला तर नवीन फाइल उघडेना, 'अशी फाइल नाही' म्हणे. अरे बाबा, नसेल तर तयार कर, हेच तर सांगितलंय! खोदलं तेव्हा कळलं, बायंडिंग (दुसऱ्या भाषेतून सिस्टिमला हाक मारायचा जोडकोड) लिहिणाऱ्यानं 'ओ_क्रिएट' (फाइल नसेल तर तयार कर, असं सांगणारा स्थिरांक) याच्या जागी सरळ ६४ ठोकलाय. एक्स८६ प्रोसेसरच्या लिनक्सवर तो आकडा ६४ आहे, मॅकवर ५१२. पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमनी प्रोग्रॅमला काय सोयी द्यायच्या याचं प्रमाण, फक्त नाव ठरवतं, आकडा नाही.

पॉझिक्स १९८८ ला आलं तेच सी धरून. पुढं १९९२ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं एडा भाषेसाठी १००३.५ आणि फोरट्रान ७७ भाषेसाठी १००३.९ अशी वेगळी प्रमाणं काढली. मग पायथन, रस्ट, गोसाठी का नको? आज जो तो आपल्या मनानं बायंडिंग लिहायलाय.

नांदेडचे_सर
दाखला दिलात तोच तुमच्यावर उलटतो. फोरट्रान ७७ मध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नाहीत, स्ट्रक्चर (अनेक किमतींचा एक गठ्ठा) नाहीत. मग समितीनं 'पीएक्सएफ' चिकटवून सबरुटीन केली, 'पीएक्सएफफोर्क' वगैरे. स्ट्रक्चरऐवजी एक पूर्णांक हँडल, म्हणजे नुसता ओळखक्रमांक. त्यातली किंमत काढायची तर फील्डचं नाव अवतरणात लिहून आणखी एक सबरुटीन बोलवा! एवढा खटाटोप केला आणि गंमत बघा, १९९१ मध्येच फोरट्रान ९० आयएसओचं प्रमाण झालेलं, पॉइंटर आणि स्ट्रक्चरसकट. वरात निघेपर्यंत लग्न लागून गेलं. पुढं फोरट्रान २००३ नं सीशी बोलायची सोय भाषेतच दिली, विषय संपला.

वाळूजकर
सर, एडाचं नाव मात्र सोयीनं गाळलंत. तिथं 'एररनो' (सीमधला चुकीचा क्रमांक) तपासत बसायचं नाही, चूक झाली की 'पॉझिक्स_एरर' हे एक्सेप्शन, म्हणजे चूक आपोआप समोर येते. आणि एडाला स्वतःचे टास्क (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत. सिग्नल (सिस्टिमनं प्रोग्रॅमला मधेच दिलेली सूचना) आला तर तो कोणत्या टास्कनं झेलायचा? असला प्रश्न एकदाच, सगळ्यांसमोर सुटलेला बरा.

लातूर_पॅटर्न
दादा, समितीची वाट बघत बसलो असतो तर म्हातारे झालो असतो. पायथनमध्ये सिग्नलमुळं सिस्टिम कॉल (सिस्टिमकडं केलेली मागणी) मधेच तुटायचा, 'ईइंटर' (कॉल तुटल्याची चूक) पकडून पुन्हा कॉल करायचा लूप ज्यानं त्यानं लिहायचा. २०१५ ला ३.५ आलं, तेव्हापासून पायथन स्वतःच कॉल पुन्हा करतं. आयएसओला कुणी विचारलं?

वाळूजकर
पायथनचा कारभार मुळात एकाच घराचा, म्हणून जमलं. ज्या भाषेचे चार कंपायलर आहेत तिथं काय करणार?

परभणीकर
जगात जर्मनी, भारतात परभणी, तेव्हा शेवटचा शब्द आमचा. 😄 गोवाल्यांनी मॅकवर सी लायब्ररी टाळून थेट कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) हाक मारली. मॅकच्या २०१६ च्या सिएरा आवृत्तीमध्ये वेळ विचारायच्या कॉलचं आतलं वागणं बदललं आणि जुने बायनरी (तयार प्रोग्रॅम) कोसळायला लागले. २०१९ च्या गो १.१२ पासून मॅकवर गुमान सिस्टिमच्या लायब्ररीतून जायलेत. म्हणजे खरी सीमा लायब्ररीच.

पण वाळूजकरांचं दुखणं खोटं नाही. सीच्या हेडरमध्ये (नावं आणि आकडे असलेल्या फाइलीत) लई गोष्टी मॅक्रो आहेत, म्हणजे कंपाइल करतानाच बदलून जाणारी, लायब्ररीत न उरणारी नावं. 'ओ_क्रिएट' मॅक्रो, 'एररनो' मॅक्रो, डिरेक्टरी आहे का हे बघणारं 'एस_आयएसडिर' पण मॅक्रो. लायब्ररीशी लिंक करणाऱ्या दुसऱ्या भाषेला त्यातलं काहीच सापडत नाही, म्हणून माणूस हेडर उघडून आकडे उतरवतो. मॅक्रोच्या जोडीला खरी फंक्शनं द्या, आणि स्थिरांकांची प्रोग्रॅमला वाचता येईल अशी यादी प्रत्येक सिस्टिमसोबत द्या. प्रमाण करायचंच तर एवढंच करा.

नांदेडचे_सर
याला माझी हरकत नाही. भाषागणिक समित्या मात्र नकोत.

वाळूजकर
यादीनं माझा ६४ सुटेल, मान्य. सिग्नल कुणी झेलायचा हे कोणत्या यादीत लिहिणार, ते सांगा.