पुढची रांग नको, वरची घ्या

अमेरिकेत इंडियानापोलिसला ऑगस्टमध्ये ड्रम कोअर स्पर्धेची (मैदानावर कवायत करत ब्रास आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकांची) फायनल असते, तिच्यासाठी अगदी पुढची महाग तिकिटं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नकोच. एकेका ड्रम कोअरमध्ये १५०च्या आसपास पोरं असतात. वाजवत, झेंडे फिरवत ती ज्या आकृत्या करतात त्या वरूनच कळतात. फायनल होते त्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये बंद छपराखाली आवाजही घुमतो. जमलं तर पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला याच पथकांची स्पर्धा बघायला जा, तिथलं मैदान उघडं आहे.

आणि खरी मजा पार्किंगमध्ये! स्पर्धेआधी ड्रमवाले तिथेच सराव करतात, आपण हातभर अंतरावर. पुण्याच्या पथकात ताशा वाजवलेल्या माझ्या भाच्याचा तिथून पाय निघेना, आत पहिला कार्यक्रम चुकला आमचा! कानात घालायला बोळे मात्र न्या.