युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरण: एकट्या देशाचा नकाराधिकार राहावा की बहुमताने निर्णय व्हावेत?

चौकस वाचक (प्रश्न)

युरोपीय संघात २७ देश आहेत, आणि परराष्ट्र धोरणाचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या सर्वांच्या एकमताने व्हावा लागतो. एकाने नकार दिला की उरलेल्या २६ जणांना थांबावे लागते. ऑगस्ट २०२० मध्ये बेलारूसच्या अध्यक्षीय निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले, विरोध करणाऱ्यांना तुरुंगात डांबले गेले, आणि तरीही लुकाशेंको राजवटीवरचे निर्बंध ऑक्टोबरपर्यंत रखडले. सायप्रसचा त्या निर्बंधांना तत्त्वतः विरोध नव्हता. पूर्व भूमध्य समुद्रात तेल आणि वायूचा शोध घेणाऱ्या तुर्कस्तानवरही कारवाई व्हावी, एवढ्यासाठी त्याने संमती रोखून धरली होती. त्याआधी जून २०१७ मध्ये चीनमधील मानवी हक्कांविषयीचे संघाचे निवेदन ग्रीसने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत होऊ दिले नाही. ग्रीसमधल्या पिरेअस बंदराचा बहुसंख्य हिस्सा चीनच्या सरकारी कॉस्को कंपनीने आदल्याच वर्षी विकत घेतला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

व्यापार, शेती, पर्यावरण अशा विषयांत हेच देश बहुमताचा निर्णय मान्य करतात. मग परराष्ट्र धोरणालाच अपवाद का? आणि तो अपवाद काढला, तर लहान देशांच्या सार्वभौमत्वाचे नेमके काय नुकसान होईल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाचस्पती

आपला प्रश्न रास्त आहे; मात्र ‘अपवाद’ हा शब्द मला पटत नाही. १९७० मध्ये या देशांनी परराष्ट्र व्यवहारांत एकमेकांशी सल्लामसलत सुरू केली, तेव्हा ती कराराबाहेरची, केवळ सरकारांमधली व्यवस्था होती. मास्ट्रिख्ट कराराने १९९३ पासून तिला संघाच्या चौकटीत आणले, पण एकमताची अट कायम ठेवूनच. म्हणजे येथे बहुमत कोणी काढून घेतलेले नाही. ते अजून पुरते दिलेलेच नाही.

सध्याच्या संघ-कराराचे कलम ३१ मुळातून वाचण्यासारखे आहे. एकमत हा नियम सांगून झाल्यावर ते काही वाटा मोकळ्या ठेवते. राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान यांच्या युरोपीय परिषदेने एखादी दिशा एकमताने ठरवून दिली असेल, तर तिच्या आधारे पुढचा निर्णय मंत्रिपरिषद विशेष बहुमताने घेऊ शकते. हे विशेष बहुमत म्हणजे साधारणपणे किमान ५५ टक्के देश आणि त्यांच्याकडे संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. लष्करी किंवा संरक्षणविषयक परिणाम असलेल्या निर्णयांना मात्र ही वाट बंद आहे. शिवाय राष्ट्रीय धोरणाची अत्यंत महत्त्वाची कारणे सांगून कोणताही देश मतदानच रोखू शकतो, आणि मग प्रकरण पुन्हा युरोपीय परिषदेकडे, म्हणजे एकमताकडे, परत जाते.

याखेरीज ‘रचनात्मक तटस्थता’ आहे. देश मतदानापासून दूर राहतो, निर्णय त्याला लागू होत नाही, पण तो आडवाही येत नाही. कोसोव्होतील कायदा-सुव्यवस्था मोहिमेच्या वेळी २००८ मध्ये सायप्रसने हेच केले. कोसोव्होच्या स्वातंत्र्याला मान्यता देणे त्याला शक्य नव्हते, तरी त्याने मोहीम अडवली नाही. आपल्या प्रश्नातला २०२० चा सायप्रस आणि हा २००८ चा सायप्रस शेजारी ठेवून पाहावेत. देश तोच आणि अधिकारही तोच. फरक हेतूचा आहे. ज्या नकारामागे त्याच विषयातले राष्ट्रहित आहे, तो नकार मला आदरणीय वाटतो. भलत्याच विषयातली मागणी पुरी करून घेण्यासाठी रोखलेली संमती मात्र सार्वभौमत्वाच्या नावाने खपवू नये. एकमताचा नियम या दोहोंत भेद करू शकत नाही, आणि त्याचा खरा दोष तोच आहे.

लिफीकाठ

मी अनेक वर्षे डब्लिनमध्ये राहतो, म्हणून येथल्या लोकांना हा प्रश्न कसा दिसतो ते मांडतो.

आयर्लंडमध्ये सार्वभौमत्व ही वकिलांपुरती चर्चा नाही. १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याला (नाव कायदा असले तरी हा सदस्य देशांमधला करारच) रेमंड क्रॉटी या अर्थतज्ज्ञांनी न्यायालयात आव्हान दिले, आणि १९८७ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरवले की परराष्ट्र धोरण आखण्याच्या स्वातंत्र्यावर अशी बंधने घालून घेण्याचा अधिकार सरकारला नाही; त्यासाठी जनतेला विचारावे लागेल. त्याच वर्षी सार्वमत झाले. तेव्हापासून संघाच्या मोठ्या करारांवर येथे मतदान होत आले आहे. २००१ मध्ये नीस करार लोकांनी नाकारला, तेव्हा पुढच्या वर्षी सेव्हिल येथे देशाच्या लष्करी तटस्थतेची ग्वाही जाहीरपणे द्यावी लागली आणि त्यानंतरच तो दुसऱ्या सार्वमतात संमत झाला.

आता आकडे पाहा. आयर्लंडची लोकसंख्या संघाच्या एक टक्क्याहून थोडीच जास्त आहे. जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तिघांची मिळून निम्म्याच्या आसपास जाते. निर्णय अडवण्यासाठी किमान चार देश आणि ३५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या लागते, म्हणजे या तिघांना कोणताही चौथा साथीदार मिळाला की ते हवे ते थांबवू शकतात. आयर्लंड, माल्टा, सायप्रस आणि लक्झेंबर्ग एकत्र आले तरी त्यांना ते जमणार नाही. बहुमत आणल्याने नकाराधिकार नाहीसा होत नाही. तो लहानांकडून जातो आणि मोठ्यांकडे राहतो. जर्मनीचे तेव्हाचे चान्सेलर ओलाफ शोल्झ यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या भाषणात बहुमताकडे टप्प्याटप्प्याने जाण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नव्हती. पण जर्मनीच्या चान्सेलरने हे सुचवणे आणि माल्टाने ते मान्य करणे, यांची किंमत सारखी नाही.

पूर्वरंग

वरील हिशेब बरोबर आहे, पण माझा आक्षेप वेगळा आहे. बहुमताने निर्णय होतो. पुढे तो पाळतो कोण?

सप्टेंबर २०१५ मध्ये इटली आणि ग्रीस येथे पोहोचलेल्या १,२०,००० आश्रयार्थींची सदस्य देशांत वाटणी करण्याचा निर्णय बहुमताने झाला. चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रोमेनिया यांनी विरोधी मत दिले. हंगेरी आणि स्लोव्हाकिया न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये हरले. हंगेरीने तरीही या योजनेखाली एकही माणूस घेतला नाही. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांनी कर्तव्यात कसूर केल्याचा न्यायालयाचा निकाल आला तो एप्रिल २०२०, तोवर योजनेची मुदत केव्हाच संपली होती. हे कोठे घडले? जेथे युरोपीय न्यायालयाला पूर्ण अधिकार आहे, त्या क्षेत्रात. परराष्ट्र धोरणात तर काही मोजक्या बाबी सोडल्या तर त्या न्यायालयाला अधिकारच नाही. शिवाय निर्बंध अमलात आणतात ते देशांचे स्वतःचे सीमाशुल्क अधिकारी, बँकांवर देखरेख ठेवणारी त्यांचीच यंत्रणा, आणि बाहेर बोलतात त्यांचेच राजदूत. मनाविरुद्ध लादलेला निर्णय राबवताना या सगळ्यांनी चालढकल केली, तर ब्रसेल्सच्या हातात फारसे काही उरत नाही. रशियासमोर २७ जणांचे एकमत थोडे उशिरा का होईना, पण खरे असते. २० विरुद्ध ७ असा निकाल म्हणजे क्रेमलिनला त्या सात देशांची यादीच हाती देण्यासारखे आहे.

चौकस वाचक

सर्वांचे आभार. पूर्वरंग यांचा मुद्दा मला अस्वस्थ करून गेला, तरी एक शंका उरते. जून २०२२ मध्ये रशियावरच्या सहाव्या निर्बंध-संचातून रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरील यांचे नाव हंगेरीच्या आग्रहाने वगळावे लागले. रशियावरील निर्बंधांना दर सहा महिन्यांनी मुदतवाढ द्यावी लागते, म्हणजे दर वेळी नवी सौदेबाजी. हे ‘खरे एकमत’ कसे म्हणावे?

वाचस्पती

म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच अलीकडे जे घडले ते या चर्चेत यायला हवे. डिसेंबर २०२५ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेची संघात गोठवलेली सुमारे २१० अब्ज युरोंची मालमत्ता, जिचा मोठा भाग ब्रसेल्सच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, अनिश्चित काळासाठी गोठवून ठेवण्याचा निर्णय झाला. त्यासाठी कलम ३१ वापरलेच नाही. आर्थिक आणीबाणीसाठी असलेले, संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या करारातले कलम १२२ वापरले गेले, जेथे विशेष बहुमत पुरते. हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांचा विरोध तेथे निष्प्रभ ठरला.

युक्रेनच्या बाजूने विचार करता मला हा निर्णय योग्यच वाटतो. पण लिफीकाठ यांनी मांडलेली लहान देशांची भीती येथे अधिक खरी होते. कलम ३१ मधून बहुमत आले असते, तर अत्यंत महत्त्वाच्या राष्ट्रीय कारणासाठी मतदान रोखण्याचा अधिकार त्याच्याबरोबर आला असता. कलम १२२ मध्ये तसा अधिकार नाही. नकाराधिकाराचा अतिरेक करणाऱ्यांमुळे इतरांना आडवाट शोधावी लागली, आणि त्या आडवाटेवर आयर्लंड किंवा माल्टा यांच्यासाठी कोणतेही संरक्षण ठेवलेले नाही.

म्हणून माझे मत असे आहे की लष्करी निर्णय कायम एकमतानेच व्हावेत, आणि निर्बंध व मानवी हक्कांविषयीची निवेदने उघडपणे, कलम ३१ च्या चौकटीतच, बहुमतावर आणावीत. मे २०२३ मध्ये जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन यांच्यासह नऊ देशांनी यासाठी गट स्थापन केला, त्यात लक्झेंबर्ग आणि स्लोव्हेनिया हे लहान देशही होते. अडचण एवढीच आहे की बहुमताकडे जाण्याचा तो निर्णयही युरोपीय परिषदेत एकमतानेच घ्यावा लागतो.

लिफीकाठ

या मर्यादेत मी सहमत आहे, पण एका अटीवर. ‘अत्यंत महत्त्वाचे कारण’ कोणते, हे ज्या त्या देशाच्या संसदेने खुल्या चर्चेत ठरवावे. मंत्र्याने मध्यरात्रीच्या बैठकीत परस्पर ठरवू नये. सायप्रसला २०२० मध्ये तशी चर्चा आपल्या संसदेत करावी लागली असती, तर तुर्कस्तानविषयीची त्याची रास्त तक्रार बेलारूसच्या कैद्यांशी बांधणे त्याला बरेच अवघड गेले असते.